सावर ग्रेप्स: कुठे म्हणावं, कुठे म्हणू नये

प्रश्न असा आला आहे: "पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या खरेदीदाराचा यंदाचा पुरवठा आम्हाला मिळेल असं वाटत होतं, तो दुसऱ्यांकडे गेला. मीटिंगमध्ये मी म्हटलं, तसंही त्यांच्या अटी जाचकच होत्या, पैसे उशिरा देतात, माल खराब निघाला म्हणून भरपाईचे क्लेम फार लावतात. त्यावर साहेब म्हणाले, 'दॅट्स जस्ट सावर ग्रेप्स.' सगळे हसले. मला वाटायचं सावर ग्रेप्स म्हणजे दुसऱ्यावर जळणं. मी तर कुणावर जळत नव्हते. मग साहेबांचं बरोबर की चूक? हा शब्दप्रयोग नेमका कुठे वापरायचा? आणि आपल्याला कुणी असं म्हटलं तर काय बोलायचं?"

नाशिकमध्ये नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवणं आणि निर्यातदारांची इंग्रजी पत्रं तपासून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे येतच असतो. सावर ग्रेप्स, शब्दशः आंबट द्राक्षं, याचा अर्थ जळणं असा नाही. साहेबांनी शब्द चुकीचा वापरला असंही नाही. पण तो तुम्हाला लागू पडत होता का, हे मीटिंगमधल्या हशावरून ठरत नाही. त्याकडे शेवटी येतो.

कुणाच्या बोलण्याला सावर ग्रेप्स म्हणायचं तर तीन गोष्टी घडलेल्या असाव्या लागतात. माणसाला एखादी गोष्ट मनापासून हवी होती. ती मिळाली नाही. आणि मिळत नाही हे कळल्यावर तो म्हणू लागला की ती मुळात घेण्यासारखी नव्हतीच. यातलं एक जरी नसेल तर तो शब्द तिथे बसत नाही. जळणाऱ्या माणसाचं लक्ष ज्याला मिळालं त्याच्यावर असतं: त्यालाच का, मला का नाही. इथे माणूस वस्तूला नावं ठेवतो. ती दुसऱ्या कुणाला मिळाली की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसलं तरी चालतं. मूळ गोष्टच आठवा, कोल्हा आणि द्राक्षांची. कोल्ह्याने उड्या मारल्या, घड हाती लागला नाही, तो निघून गेला. घड वेलीवरच राहिला, दुसऱ्या कुणी खाल्ला नाही. मग कोल्हा जळणार कुणावर?

ही गोष्ट इसापाची म्हणून आपण ऐकतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फेद्रस नावाच्या रोमन कवीने ती लॅटिन पद्यात लिहिली, आणि तिथे कोल्हा जे म्हणतो ते द्राक्षाच्या पट्ट्यातल्या माणसाने कान देऊन ऐकावं असं आहे. तो म्हणतो, अजून पिकलेली नाहीत, आंबट कशाला घेऊ. म्हणजे ही जातच आंबट, असा त्याचा दावा नाही. माल कच्चा आहे, एवढंच त्याचं म्हणणं. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही बागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मण्यात पाणी उतरायच्या आधी, म्हणजे तो पिकू लागायच्या आधी, मणी टणक असतो आणि आम्लाने भरलेला असतो, त्यात मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक ही दोन आम्लं. पाणी उतरलं की मणी मऊ पडतो, मॅलिक आम्ल कमी होत जातं, साखर चढत जाते. पण थॉमसनसारखी पांढरी जात पिकली तरी हिरवटच दिसते, फार तर थोडी पिवळसर झाक येते. खालून मान वर करून बघणाऱ्याला ती कच्ची की पिकलेली हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी मणी तोडून चाखावा लागतो, नाहीतर रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून ब्रिक्स बघावा लागतो. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. कोल्ह्याने यातलं काहीच केलं नाही. न चाखता निकाल दिला, आणि तोही उड्या मारून दमल्यावर. उडी मारायच्या आधी तीच द्राक्षं त्याला चांगली दिसत होती. या शब्दप्रयोगातला डंख तिथे आहे.

फेद्रसने शेवटी तात्पर्यही दिलंय: जे काम आपल्याला जमत नाही त्याला शब्दांनी हलकं लेखणाऱ्यांनी ही गोष्ट स्वतःला लावून घ्यावी. हे वाचून नाशिककर म्हणेल, अरे, हे तर नाचता येईना अंगण वाकडे. जवळपास तसंच आहे, पण पुरतं नाही. अंगणाला दोष देणारी बाई नाच वाईट असतो असं म्हणत नाही. तिला अजूनही नाचायचंच आहे, फक्त अडचण तिची नसून अंगणाची आहे. कोल्हा मात्र खाण्याची इच्छाच नाकारतो. हा फरक कळला की दोन्ही म्हणी आपोआप आपापल्या जागी बसतात. बॅटिंग जमली नाही म्हणून पिचला दोष देणं हे अंगण वाकडं. संघात निवड झाली नाही म्हणून "असल्या स्पर्धेत खेळतंय कोण" म्हणणं हे सावर ग्रेप्स.

फ्रेंच कवी ला फाँतेनने १६६८ साली हीच गोष्ट पद्यात सांगितली आणि शेवटाला वेगळंच वळण दिलं. त्याचा कोल्हा म्हणतो, फार हिरवी आहेत, हलक्यासलक्या लोकांनी खावीत. आणि मग कवी आपल्याला विचारतो: रडत बसण्यापेक्षा हे बरं नाही का केलं त्याने? मला हा शेवट आवडतो. इंग्रजीत मात्र शब्दप्रयोग रुळला तो टोमणा म्हणून, ला फाँतेनचा दिलासा त्यात उतरला नाही.

आता मराठीकडे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती बाहेरून आलेली असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इसापच्या कथा मराठीत छापून आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्यात सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं नाव ठळक आहे. जाता जाता एक: युरोपातल्या गोष्टीतला प्राणी म्हणजे आपल्याकडचं खोकड. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, जो उसात लपतो आणि रात्री कोल्हेकुई करतो, तो वेगळा प्राणी, इंग्रजीतला जॅकल. पण "खोकडाला द्राक्षे आंबट" कोण म्हणणार? लबाडीचा मान आपल्याकडे कोल्ह्याचाच. ज्या मुलखात द्राक्षं नाहीत तिथल्यांनी फळही बदलून घेतलं. स्वीडनमधला कोल्हा रोवन नावाच्या झाडाच्या लाल फळांना आंबट म्हणतो. इराणातल्या म्हणीत तर कोल्हाही नाही आणि द्राक्षंही नाहीत, तिथे मांजराचा पंजा मांसापर्यंत पोचत नाही आणि ते नाक मुरडून म्हणतं, शी, वास येतोय.

अर्थ एकच असला तरी मराठी म्हण आणि इंग्रजी शब्दप्रयोग यांची घडण वेगळी आहे, आणि आपली माणसं अडखळतात ती इथे. मराठीत अख्खं वाक्य आहे, त्यात कोल्हा आहे, द्राक्षं आहेत, चव आहे. इंग्रजीत गोष्ट गळून गेली आणि दोन शब्द उरले, तेही नामासारखे. त्यामुळे आपण मराठी मनात ठेवून "द ग्रेप्स आर सावर" असं म्हणतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, वर्तमानपत्रांतही दिसतं. लंडनच्या माणसालाही बहुधा कळेल, पण तो स्वतः तसं बोलणार नाही. तो म्हणेल "इट्स सावर ग्रेप्स", "दॅट साउंड्स लाइक सावर ग्रेप्स टू मी", "अ केस ऑफ सावर ग्रेप्स", किंवा थोड्या औपचारिक लेखनात "सावर ग्रेप्स ऑन हिज पार्ट". ग्रेप्स नेहमी अनेकवचनी, पण सुरुवात "इट इज" किंवा "दॅट इज" अशी एकवचनी, कारण बोलणं एका वृत्तीबद्दल आहे. "अ सावर ग्रेप" कधीच नाही. माणसालाच सावर ग्रेप्स म्हणू नका. "ही इज सावर ग्रेप्स" ऐकायला आलं तरी लिहू नका. सावर ग्रेप्स हे त्याच्या बोलण्याचं नाव आहे.

यातून आणखी एक फरक पडतो. मराठीत तोंडावर म्हण फेकली की समोरचा थेट कोल्हा होतो, त्यामुळे ती आपण जवळच्या माणसाला किंवा स्वतःलाच लावतो: "आमचं काय बाबा, कोल्ह्याला द्राक्षं आंबट." इंग्रजीत कोल्ह्याचं नावही येत नाही. म्हणून तो प्रयोग मीटिंगमध्ये, अग्रलेखात, अगदी संसदेच्या भाषणातही खपतो. वरून सभ्य दिसतो. पण आत आरोप आहेच, आणि तो माणसाच्या हेतूवर आहे.

उच्चाराचंही सांगून टाकतो, कारण त्यावरून अर्थाचा घोटाळा होतो. सावरचा उच्चार पॉवर, टॉवरच्या वळणाने जातो. सोअर म्हणजे दुखरं, हा निराळा शब्द. आणि "सोअर लूझर" असा एक निराळा शब्दप्रयोगही आहे: ज्याला हार पचत नाही, जो हरल्यावर चिडतो, हात मिळवत नाही, तो. पुष्कळ जण या दोघांची खिचडी करून "सावर लूझर" म्हणतात. सोअर लूझर माणसाला म्हणतात, सावर ग्रेप्स त्याच्या एका विशिष्ट बोलण्याला. हरलेला कॅप्टन अंपायरवर ओरडला तर तो सोअर लूझर. तोच नंतर म्हणाला, "या करंडकाला तसाही काही मान राहिलेला नाही," तर ते सावर ग्रेप्स.

हे नियमाप्रमाणे झालं. प्रत्यक्षात इंग्रजी वर्तमानपत्रं, खास करून खेळाची आणि राजकारणाची पानं, हा शब्द हल्ली सैल वापरतात. हरलेल्याने काहीही कुरकूर केली की सावर ग्रेप्स. ऐकाल तेव्हा समजून घ्या, वाद घालू नका. स्वतः लिहिताना मात्र कडक अर्थच धरा, असा माझा सल्ला आहे. सैल वापरात तो शब्द प्रत्येक तक्रारीचं तोंड बंद करायला वापरता येतो, आणि वापरलाही जातो. समजा, सिंहस्थाच्या कामांचं एखादं टेंडर निघालं. एका ठेकेदाराने भरलं, त्याला मिळालं नाही. तो चहाच्या टपरीवर म्हणाला, "सरकारी कामात पैसा कुठे असतो, बरं झालं सुटलो," तर हे अस्सल सावर ग्रेप्स. पण त्याने लेखी अर्ज दिला की अटीत बसत नसलेल्याला काम दिलंय, तर ते सावर ग्रेप्स नव्हे. तो कामाला नावं ठेवतच नाही. काम त्याला अजूनही हवंय, तक्रार पद्धतीबद्दल आहे. "हरला म्हणून बोलतोय" एवढ्यावर ती उडवून लावणं ही चलाखी झाली.

बायबल वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. यिर्मया आणि यहेज्केल या दोन्ही पुस्तकांत एक म्हण येते: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. बहुतेक इंग्रजी भाषांतरांतही तिथे सावर ग्रेप्स हेच शब्द आहेत. त्याचा कोल्ह्याशी काही संबंध नाही. वडिलांच्या कर्माची फळं मुलांनी भोगण्याबद्दलची ती म्हण आहे. एखाद्या जुन्या इंग्रजी निबंधात ती भेटली तर गोंधळू नका.

तुमच्या धंद्यात तर आणखी एक गंमत होते. जानेवारी ते एप्रिल तुम्ही खरोखरच्या द्राक्षांबद्दल इंग्रजीत लिहीत असता. कंटेनर पोचला, खरेदीदाराने चव घेतली, आणि माल खरंच आंबट निघाला, तर पत्रात सावर ग्रेप्स लिहायचं का? न लिहिलेलं बरं. व्याकरणात चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या ओठावर नको तेव्हा हसू येतं, आणि क्लेमच्या पत्रात कुणी हसावं अशी आपली इच्छा नसते. तिथे धंद्याचे शब्द वापरा: लो ब्रिक्स, हाय ॲसिडिटी, अंडरराइप बेरीज. तुमच्याकडे येणारी पत्रंही बहुधा तशीच असतात. शिवाय त्यात मोजता येणारं काहीतरी असतं, आकडा मागता येतो. "टेस्ट्स सावर" एवढंच आलं तर उलट टपाली ब्रिक्सचा आकडा आणि कुठल्या पॅलेटमधला नमुना ते विचारा. आणि आंबटपणा प्रत्येकाला दोष वाटतो असंही नाही. वाइन करणारा पुरेशा आम्लासाठी द्राक्ष वेळेवर तोडायला बघतो, आणि कच्च्या द्राक्षांचा आंबट रस फ्रेंच आणि इराणी स्वयंपाकात लिंबासारखा वापरतात. कोल्हा चुकीच्या स्वयंपाकघरात गेला होता म्हणायचं.

आता तुमची मीटिंग. पुरवठा हवा होता, हे खरं. मिळाला नाही, हेही खरं. त्यानंतर तुम्ही त्याच्या अटींना नावं ठेवली. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही खुणा दिसल्या, आणि साहेबांनी शब्द टाकला. इंग्रजीच्या दृष्टीने बिनचूक. पण दोन गोष्टी सुटतात.

पहिली, तुम्ही हे आधी म्हटलं होतंत का? देकार पाठवायच्या आधी एखाद्या मेलमध्ये, एखाद्या नोंदीत, "यांचे पैसे उशिरा येतात, क्लेमची अट कडक आहे" असं तुम्ही लिहिलं असेल तर सावर ग्रेप्सचा आरोप कोसळतो. त्या आरोपाचा सगळा भार "नंतर" या शब्दावर आहे. कोल्ह्याने उडी मारायच्या आधीच म्हटलं असतं की ही बाग अजून तयार नाही, तर ही गोष्ट झालीच नसती. दुसरी गोष्ट लोक विसरतात: बोलणं सावर ग्रेप्स असू शकतं आणि तरीही खरं असू शकतं. कोल्ह्याने न चाखता सांगितलं, पण ती द्राक्षं खरंच कच्ची असू शकतील. त्याचा हेतू काय होता यावरून मण्यातली साखर कमीजास्त होत नाही. तुमच्या खरेदीदाराच्या अटी जाचक होत्या की नव्हत्या, हे अटींचा कागद उघडून ठरेल.

मनाचं असं का होतं, यावर मानसशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेल्या सिद्धांताचा एक धागा असा: हवं होतं आणि मिळालं नाही, या दोन गोष्टी मनात एकमेकींना टोचत राहतात, आणि टोचणी कमी करायला मन हव्या असलेल्या वस्तूची किंमत उतरवतं. म्हणजे सावर ग्रेप्स बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच पटलेलं असतं. म्हणून "तू असं मुद्दाम म्हणतोयस" असं त्याला सांगून उपयोग होत नाही.

कुणी तुम्हाला म्हटलं तर "नो, नो, आय ॲम नॉट जेलस" हे उत्तर देऊ नका. एकतर ते चुकीच्या आरोपाला उत्तर आहे, आणि हेतूची सफाई द्यायला लागलं की माणूस जास्तच संशयास्पद दिसतो. त्यापेक्षा तारीख किंवा आकडा पुढे करा. "आय रेज्ड धिस इन ऑक्टोबर, बिफोर वी सेंट द ऑफर." किंवा "पर्हॅप्स, बट द पेमेंट टर्म्स आर ऑन पेज थ्री." हे दुसरं मला जास्त आवडतं. पर्हॅप्स म्हणून हेतूचा मुद्दा सोडून दिला, आणि बोलणं पुन्हा कागदावर आणलं. आरोप यायच्या आधीच तो काढून घ्यायचा असेल तर सुरुवातच अशी करा: "धिस मे साउंड लाइक सावर ग्रेप्स, बट..." हे इंग्रजीत फार रुळलेलं वाक्य आहे आणि हरल्यानंतर टीका करायची असेल तेव्हा हमखास कामी येतं. फक्त "बट" नंतर ठोस काहीतरी हवं, नाहीतर आपणच आपल्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं होतं.

स्वतः कुणाला म्हणायचं असेल तर हाताखालच्याला म्हणू नका, कारण त्याला उलट बोलता येत नाही. खरेदीदाराला तर कधीच नाही. तुमचा भाव नाकारून दुसरीकडे गेलेल्याने तुमच्या मालाला नाव ठेवलं तरी मेलमध्ये सावर ग्रेप्स लिहू नका, पुढच्या हंगामात त्याच्याचकडे जायचं असतं. बरोबरीच्या माणसात, हसतखेळत, तोंडी, एवढीच याची सुरक्षित जागा.

आणि साहेबांशी पुन्हा विषय निघालाच, तर अटींचा कागद सोबत ठेवा आणि म्हणा: "सर, सावर ग्रेप्स ऑर नॉट, शुड वी ॲक्सेप्ट दीज टर्म्स नेक्स्ट सीझन?"